गॅरेज-वर्कशॉपच्या कोब्याला एपॉक्सी लावू का? थोडं लांबलचक उत्तर

तुमचा प्रश्न असा की गॅरेज 5 मीटर बाय 6 मीटरचं आहे, कोबा बारा वर्षांचा, रोज झाडलं तरी सिमेंटची पूड निघते, अर्ध्या भागात गाडी उभी राहते आणि उरलेल्या अर्ध्यात लेथ, बेंच ग्राइंडर आणि वेल्डिंग. तीन वर्षांपूर्वी फ्लोअर पेंट मारला होता तो गाडीच्या चाकांखाली पोपडे येऊन निघाला, म्हणून आता चांगल्यातलं एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचं कडक होणारं कोटिंग, आणून एकदाच काम उरकायचं असं तुमच्या मनात आहे.

मी वीसेक वर्षं हेच काम करतोय आणि माझं स्वतःचं वर्कशॉपही अशाच कोब्यावर आहे, त्यामुळे सरळ सांगतो, कुठलं एपॉक्सी घ्यायचं हा सध्या तुमचा प्रश्नच नाहीये. पहिला पेंट का निघाला हे आधी कळायला हवं, कारण ज्या कारणाने तो निघाला त्याच कारणाने एपॉक्सीपण निघेल, फक्त त्यात पैसे जास्त गेलेले असतील आणि निघताना तो काँक्रीटचा वरचा थर पण सोबत घेऊन येईल.

आता पेंट निघण्याची कारणं मोजकीच आहेत. एक म्हणजे खालून येणारी ओल. दुसरं, वरचा थर कच्चा असणं, म्हणजे काँक्रीट ओतल्यावर त्यातलं पाणी वर येतं आणि येताना सिमेंटचा बारीक गाळ घेऊन येतं, मिस्त्री त्यावरच घोटाई करतो आणि दुधावरच्या सायीसारखा एक कमजोर थर वर राहून जातो. तुमची पूड निघतेय ती बहुतेक यातलीच. तिसरं म्हणजे तेल, ग्रीस किंवा जुनं कुठलं तरी सीलर, म्हणजे काँक्रीटच्या संरक्षणाला लावलेलं द्रव्य, मुरलेलं असणं. चौथं, घोटून घोटून कोबा इतका गुळगुळीत झालेला असतो की रंगाला धरायलाच काही नसतं. आणि गाडीच्या चाकांचं म्हणाल तर गाडी चालून आली की टायर गरम असतात, त्या उष्णतेने आणि टायरमधल्या रबर मऊ ठेवणाऱ्या रसायनांमुळे रंग नरम होतो, मग टायर थंड होताना आकसतो आणि रंगाला धरून ओढतो, खालची पकड कच्ची असली की पोपडा टायरला चिकटूनच वर येतो. पकड पक्की असेल तर चांगलं एपॉक्सी हे सहन करतं.

सगळ्यात आधी ओल. जमिनीवर थेट ओतलेला कोबा असेल आणि ओतताना खाली प्लॅस्टिकचा कागद घातलेला नसेल तर मातीतला ओलावा वाफेच्या रूपात सतत वर येत राहतो, बारा वर्षांचा कोबा आहे म्हणजे तो वाळलेला असणारच असं अजिबात नाही. उघडा असताना ती वाफ हवेत निघून जाते म्हणून आपल्याला फरशी कोरडी दिसते, वर एपॉक्सीचं झाकण बसलं की तिला वाटच राहत नाही आणि फुगे यायला लागतात. माझ्या वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा मी हेच केलं होतं, फरशी कोरडी खणखणीत दिसत होती म्हणून तपासणी न करताच लावून मोकळा झालो. पाच महिन्यांनी दरवाज्याजवळ रुपयाएवढे फुगे आले, एक फुगा सुरीच्या टोकाने फोडला तर आतून चिकट ओलसर पाणी निघालं आणि खाली काँक्रीटवर पांढरी खार जमलेली. ती सगळी फरशी मी नंतर ग्राइंडरने खरवडून काढली, चार दिवस गेले त्यात.

तपासणी सोपी आहे. साधारण 45 सेंटीमीटर बाय 45 सेंटीमीटरचा पारदर्शक जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, फरशीवर सपाट ठेवा, चारी कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा आणि निदान 16 तास तसाच ठेवा, मी तर पूर्ण 24 तास ठेवतो. एकाच जागी लावून भागत नाही, तुमच्या गॅरेजमध्ये चार जागी लावा, एक दरवाज्याजवळ, एक बाहेरच्या भिंतीलगत, एक मध्ये आणि एक जिथे पेंट निघाला तिथे. दुसऱ्या दिवशी कागद उचलताना खालच्या बाजूला दव धरलंय का बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालचं काँक्रीट आजूबाजूपेक्षा गडद झालंय का बघा. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर साधं एपॉक्सी विसरा. काहीच दिसलं नाही तरी शंभर टक्के खात्री नाही, फरशी थंड असेल किंवा हवा अगदी कोरडी चालू असेल तर ही टेस्ट फसवू शकते, म्हणून दमट दिवसांत एकदा परत करून बघा. पक्का आकडा हवा असेल तर काँक्रीटमध्ये भोक पाडून आत आर्द्रतेचा प्रोब ठेवतात, जाडीच्या 40 टक्के खोलीवर, म्हणजे कोबा 10 सेंटीमीटरचा असेल तर 4 सेंटीमीटर खाली, आणि निदान 24 तासांनी रीडिंग घेतात. तो आकडा एपॉक्सीच्या माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेशी ताडून बघायचा. घरगुती गॅरेजला एवढं करायची गरज सहसा पडत नाही, पण हजार चौरस मीटरचं काम असेल तर मी प्रोबशिवाय हात लावत नाही.

अजून दोन तपासण्या लगेच करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. ठिकठिकाणी पाण्याचे थेंब टाका. एक-दोन मिनिटांत थेंब मुरला आणि डाग गडद झाला तर काँक्रीट उघडं आहे, त्यात काहीतरी शिरू शकतं. थेंब कमळाच्या पानावरच्यासारखा गोल बसून राहिला तर तिथे तेल किंवा जुनं सीलर आहे, तिथे काहीच धरणार नाही. दुसरं म्हणजे हातोडीच्या दांड्याने नाहीतर लोखंडी सळईने सगळी फरशी ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर ठीक, पोकळ आवाज आला तर वरचा थर खालच्यापासून सुटलाय, तेवढा भाग फोडून नव्याने भरावाच लागेल, त्यावर जगातलं कुठलंही कोटिंग टिकणार नाही. भिंतीच्या कडेला लोणा दिसत असेल तर तोही ओलीचाच पुरावा समजा, नुसता ब्रशने झाडून पुढे जाऊ नका.

आता लावायचं काय. लोक सगळ्यालाच सीलर म्हणतात पण त्यात दोन अगदी वेगळ्या जाती आहेत, एक आत मुरणारी आणि एक वर थर धरणारी.

आत मुरणाऱ्यांमध्ये डेन्सिफायर, म्हणजे सिलिकेट, हा प्रकार माझ्या मते वर्कशॉपसाठी सगळ्यात दुर्लक्षित आहे. सोडियम, पोटॅशियम किंवा लिथियम सिलिकेट पाण्यात विरघळवलेलं असतं, ते काँक्रीटमध्ये मुरतं आणि आत जो मोकळा चुना असतो त्याच्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होतं, म्हणजे सिमेंटला जो पदार्थ मुळात घट्टपणा देतो तोच. त्याने वरचा थर कडक होतो आणि पूड निघणं थांबतं किंवा खूप कमी होतं. वर थरच नाही म्हटल्यावर पोपडे निघायचा प्रश्न नाही, फुगे यायचा प्रश्न नाही, खालची वाफ आरामात निघून जाते, वेल्डिंगची ठिणगी पडली तरी जळायला काही नाही. लिथियमवालं जरा महाग असतं पण पांढरा थर कमी धरतं, सोडियमवालं जास्त झालेलं वेळेत पुसून धुतलं नाही तर पांढरे चट्टे असे बसतात की नंतर घासून घासून जीव जातो. पण एक गोष्ट नीट समजून घ्या, याने तेलाचा डाग थांबत नाही, थोडा हळू मुरतो इतकंच, सांडलं की पुसावंच लागतं. आणि तुमचा वरचा थर नुसता पावडरसारखा भुसभुशीत असेल, नाण्याने खरवडल्यावर खोल चर पडत असेल, तर आधी तो थर घासून काढा आणि मग सिलिकेट मारा, मेलेल्या थराला कडक करून उपयोग नाही.

दुसरं मुरणारं म्हणजे सिलेन-सिलॉक्सेन. हे पाणी झटकून टाकतं, छिद्रांच्या आतल्या भिंतींना अस्तरासारखं बसतं पण छिद्रं बुजवत नाही, त्यामुळे वाफ जाते. गाडीबरोबर पाणी, चिखल किंवा बर्फावर टाकलेलं मीठ आत येत असेल तिथे हे फार चांगलं. तेलाला मात्र फारसं अडवत नाही, चमकही येत नाही. आणि हे लावल्यावर पुढे कधी एपॉक्सी लावायची इच्छा झाली तर ते धरणार नाही, खोलवर घासून काढावं लागेल, म्हणून आधीच ठरवा.

थर धरणाऱ्यांमध्ये अॅक्रेलिक सीलर स्वस्त, लावायला सोपं, पण गाडी उभी करायची तर मी नको म्हणेन, गरम टायरला तेच आधी उचलतं. मग एपॉक्सी, आणि त्याच्यावर पॉलियुरेथेन किंवा पॉलिअॅस्पार्टिक. एपॉक्सीची काँक्रीटवरची पकड आणि तेल झेलायची ताकद उत्तम, पण उन्हाने पिवळं पडतं, म्हणजे दरवाजा उघडा ठेवल्यावर जिथवर ऊन येतं तिथवर पट्टा वेगळा दिसायला लागतो. साध्या हवेत सेट झालेलं एपॉक्सी 50-60 अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं, म्हणून वेल्डिंगचे तापलेले तुकडे आणि ग्राइंडरच्या ठिणग्या त्यात रुतून काळे ठिपके पडतात. ब्रेक ऑइल सांडून रात्रभर राहिलं तरी खराब होतं. वर पॉलियुरेथेनचा पातळ हात दिला की ओरखडे कमी पडतात, पिवळेपणाही आटोक्यात राहतो.

डब्यावर नुसतं एपॉक्सी लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, त्यात सॉलिड, म्हणजे सुकल्यावर मागे उरणारा भाग, किती टक्के ते बघा. एक लिटर 100 टक्के सॉलिडवालं एपॉक्सी 4 चौरस मीटरवर पसरलं तर 250 मायक्रॉनचा, म्हणजे पाव मिलिमीटरचा, थर मिळतो आणि सुकल्यावरही तेवढाच राहतो. पाण्यातलं एपॉक्सी 45 टक्के सॉलिडचं असेल तर तेवढंच लावून सुकल्यावर हातात येतात साधारण 110 मायक्रॉन, बाकीचं पाणी होतं ते उडून गेलं. तुमच्या 30 चौरस मीटरला 250 मायक्रॉनचा एक हात द्यायचा तर 100 टक्केवालं साडेसात लिटर लागेल, शिवाय प्राइमर वेगळा आणि काँक्रीट पिईल ते वेगळं. दोन डबे शेजारी ठेवून किंमत बघताना हा हिशोब केला की स्वस्त डबा किती स्वस्त आहे ते कळतं.

तयारीबद्दल मी जरा हट्टी आहे, कारण कामातली दोन तृतीयांश मेहनत इथेच जायला हवी. जुना पेंट पूर्ण निघाला पाहिजे, जिथे घट्ट बसलाय असं वाटतं तिथलाही, कारण तुमचं नवीन कोटिंग त्या जुन्याच्याच भरवशावर राहणार. तेलाचे डाग ग्राइंडिंगच्या आधी काढा, आधी ग्राइंडर फिरवला तर तेल सगळीकडे पसरतं. डिग्रीझर ओता, ताठ ब्रशने घासा, गरम पाण्याने धुवा, पाणी व्हॅक्यूमने ओढून घ्या, आणि मग दोन-तीन दिवस थांबून परत थेंबाची टेस्ट करा, कारण खोलवरचं तेल हळूहळू वर येतं आणि पहिल्या दिवशी स्वच्छ दिसलेली जागा तिसऱ्या दिवशी परत तेलकट होते. काही लोक ब्लोटॉर्चने तेल जाळायला सांगतात, ते करू नका, आतल्या ओलाव्याची वाफ होऊन काँक्रीटचे टवके उडतात, डोळ्यात जाऊ शकतात.

मग घासणं. डायमंड कप व्हील लावलेला ग्राइंडर घ्या, मोठी जागा असेल तर भाड्याचं फ्लोअर ग्राइंडिंग मशीन. किती घासायचं ते हाताने कळतं, तळवा फिरवला की 80 नंबरच्या पॉलिश पेपरसारखं लागलं पाहिजे, आणि वाळूचे बारीक कण उघडे दिसायला लागले पाहिजेत. धूळ अजिबात हलक्यात घेऊ नका, काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात गेली की परत निघत नाही, सिलिकोसिसला बरा करणारा इलाज नाही. ग्राइंडरला आवरण आणि चांगला व्हॅक्यूम जोडा आणि चेहऱ्याला घट्ट बसणारा पी100 फिल्टरचा मास्क वापरा, रुमाल बांधून हे काम करायचं नाही.

घासण्याऐवजी अॅसिडने एचिंग, म्हणजे अॅसिड ओतून फरशी खरबरीत करणं, चालेल का असं लोक नेहमी विचारतात. होतं, पण वर्कशॉपमध्ये मी टाळतो. म्युरिअॅटिक अॅसिडची वाफ जिथे पोचते तिथलं लोखंड गंजतं. एकदा मी ड्रिल मशीन नुसतं प्लॅस्टिकने झाकून त्याच खोलीत एचिंग केलं, सकाळी बघतो तर चकाकणारा खांब तपकिरी झालेला, चकमधली बिटं पण. शिवाय तेलकट जागेवर अॅसिड काही करत नाही, आणि सगळी फरशी पाण्याने भिजते ती वाळायला परत दिवस जातात. करायचंच असेल तर यंत्रं आधी बाहेर काढा, पाण्यात अॅसिड ओता, अॅसिडमध्ये पाणी कधीच नाही, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने निष्प्रभ करा आणि भरपूर धुवा.

भेगांचं थोडक्यात. मुद्दाम कापलेले सांधे असतात ते कडक एपॉक्सीने भरू नका, काँक्रीट तिथेच हलणार आहे, भरलंत तर शेजारी नवीन भेग पडेल. त्यात लवचिक पॉलियुरेथेन किंवा पॉलियुरिया फिलर भरा. बाकी स्थिर भेगा व्ही आकारात उघडून, धूळ काढून, एपॉक्सीत बारीक वाळू मिसळून भरा आणि घासून सपाट करा.

लावायच्या दिवशी तीन गोष्टींकडे लक्ष द्या. फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंशांनी जास्त हवं, नाहीतर डोळ्याला न दिसणारं दव धरतं आणि एपॉक्सीवर मेणचट पांढुरका थर येतो. दुसरं, तापमान उतरत असताना लावा, म्हणजे दुपार कलल्यावर, सकाळी नाही. फरशी तापत असते तेव्हा छिद्रांतली हवा प्रसरण पावून वर येते आणि ओल्या एपॉक्सीत टाचणीएवढी भोकं पडतात, मी कितीतरी चांगली कामं याच एका कारणाने खराब झालेली बघितलीत. तिसरं म्हणजे मिक्सिंग. रेझिन आणि हार्डनर या एपॉक्सीच्या दोन भागांचं प्रमाण वजनावर आहे की मापावर ते वाचा, हळू वेगाच्या मिक्सरने तीन मिनिटं फिरवा, मग दुसऱ्या बादलीत ओतून परत एक मिनिट, कारण पहिल्या बादलीच्या कडेला आणि तळाला न मिसळलेलं राहतं आणि तेच फरशीवर गेलं की तेवढा पट्टा महिनाभर चिकट राहतो. मिसळलं की लगेच फरशीवर लांब पट्ट्यात ओतून टाका. बादलीत ठेवून गप्पा मारत बसलात तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापतं. माझ्याकडच्या एका पोऱ्याने पाच लिटर एकदम मिसळून फोन घ्यायला गेला, दहा मिनिटांत बादलीतून धूर यायला लागला आणि तळ वितळून वाकला, हातमोजे घालून ती बाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवावी लागली. जेवढं लावता येईल तेवढंच मिसळा.

स्क्वीजीने पसरा, रोलरने सारखं करा, आतल्या टोकापासून बाहेर पडायच्या दरवाज्याकडे या. ओलं असतानाच वरून क्वार्ट्झ वाळू भुरभुरवा, निदान चालायच्या वाटेवर तरी, कारण गुळगुळीत एपॉक्सीवर पाणी किंवा तेलाचे दोन थेंब पडले की पाय सरकतो आणि वर्कशॉपमध्ये पाय सरकला तर हात कुठल्यातरी यंत्राकडेच जातो. दुसरा हात डब्यावर दिलेल्या वेळेतच द्या, ती वेळ उलटली तर हलका सँडपेपर मारल्याशिवाय पुढचा थर धरत नाही. पॉलियुरेथेनमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला धुळीचा मास्क चालत नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला लागतो आणि हवा खेळती हवी. चालायला एक दिवस, पण गाडी आणायला निदान आठवडा थांबा, वरून कडक लागलं तरी आतून पूर्ण सेट व्हायला तेवढा वेळ जातो. तुमचा पहिला पेंट लावल्यावर गाडी कितव्या दिवशी आत घेतली होती तेही आठवून बघा.

तुमच्या जागी मी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. प्लॅस्टिकखाली ओल दिसली तर पूर्ण गॅरेजला घासून लिथियम सिलिकेट, आणि गाडीखाली तेल झेलायला एक ट्रे, विषय संपला. ओलीवर चालणारे खास एपॉक्सी प्राइमर मिळतात, पण ते काम नवख्याने करायचं नाही आणि 30 चौरस मीटरच्या गॅरेजसाठी तो खर्च मला पटत नाही. फरशी चारही जागी कोरडी निघाली तर दोन भाग करा, मध्ये कापलेला सांधा असेल तर तीच सीमा धरा. गाडीच्या बाजूला प्राइमर, एपॉक्सी आणि पॉलियुरेथेन, लेथ आणि वेल्डिंगच्या बाजूला नुसतं सिलिकेट. क्रम असा ठेवा की आधी एपॉक्सीची बाजू पूर्ण करून सेट होऊ द्या आणि मगच दुसरीकडे सिलिकेट मारा, उलटं केलंत आणि सिलिकेट उडून पलीकडे पडलं तर तिथे एपॉक्सीची पकड कमी होते. लेथ हलवणं शक्य असेल तर आत्ताच हलवा, त्याच्या पायाखालची जागा न घासलेली राहिली तर नंतर तिथूनच पूड निघत राहते.

आणि फोटो पाठवाल तेव्हा निघालेल्या पोपड्याची खालची बाजू दाखवा. तिच्यावर करड्या सिमेंटचा थर चिकटलेला असेल तर वरचा कच्चा थर दोषी, अगदी स्वच्छ गुळगुळीत असेल तर फरशी नीट घासली नव्हती नाहीतर तेल होतं, आणि पांढरी खार असेल तर ओल. तो पोपडा फेकला नसेल तर बरं होईल.